सहा व्होल्टची जावा-येझ्दी बॅटरी धरत नाही: पार्ट बदलायच्या आधी काय तपासायचं

जुनी जावा घेऊन येणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "बॅटरी टिकत नाही हो, सरळ १२ व्होल्ट करून टाकू का?" म्हैसूरच्या आयडियल जावामधून १९६१ पासून निघालेल्या जावा आणि १९७३ पासून येझ्दी नावाने आलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणी, यांतल्या ६ व्होल्ट डायनॅमोवाल्या (डायनॅमो म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग) गाड्यांचा हा एकच दोष मी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढत आलोय. अनुभव असा की दहातल्या सात-आठ गाड्यांमध्ये डायनॅमो ठणठणीत असतो. खराब असतं ते बॅटरीपासून बल्बपर्यंतचं आणि बल्बपासून परत बॅटरीपर्यंतचं अंतर. ते दुरुस्त न करता १२ व्होल्टचं नवं किट बसवलं, तर दोन पावसाळ्यांत तोच दोष नव्या पार्टांसकट परत येतो. म्हणून ओरिजिनल ठेवायचं की अपग्रेड करायचं, हा निर्णय खालचं सगळं तपासून झाल्यावर घ्या.

लक्षणं

यातलं काय काय होतंय ते आधी कागदावर लिहून काढा.

- दिवसा एका किकमध्ये सुरू होते. रात्री हेडलाइट लावून अर्धा तास चालवली की सिग्नलला बंद पडते आणि मग उठत नाही.
- हेडलाइट पिवळट. हॉर्न किंवा ब्रेक दाबला की आणखी मिणमिणतो.
- इंजिन जोरात फिरवलं तरी चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही, किंवा पूर्ण न विझता तांबूस राहतो.
- चावी लावली, इंजिन बंद आहे, तरी लाल दिवा पेटतच नाही.
- बॅटरी रात्रभर चार्जरला लावली की दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.
- उलट प्रकार: बॅटरीचं पाणी भराभर आटतं, बल्ब उडतात.
- गाडी धुतली किंवा पाऊस लागला की दोष वाढतो.
- गाडी नुकतीच रिस्टोर केली आणि त्यानंतरच हे सुरू झालं.

शेवटचं लक्षण असेल तर तिसरी तपासणी आधी करा. निम्म्या लोकांचं काम तिथेच होईल.

एक गोष्ट मात्र दोष नाही. आयडलला लाल दिवा लुकलुकणं हे या गाडीच्या रचनेतच आहे. डायनॅमो कमी फेऱ्यांवर बॅटरीइतका दाब (व्होल्ट) तयार करू शकत नाही, म्हणून रेग्युलेटरमधला (हा दाब आवाक्यात ठेवणारा डबा) कटआउट त्या वेळी डायनॅमोला बॅटरीपासून तोडून ठेवतो. तसं केलं नाही तर बॅटरीच उलट डायनॅमोत रिकामी होईल. थोडा हात (ॲक्सिलरेटर) वाढवल्यावर दिवा पूर्ण विझला, तर ती बाजू ठीक आहे असं समजा.

हाताशी काय हवं

३००-४०० रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर, दोन मीटर जाड वायर (२.५ स्क्वेअर एमएम), तिच्या दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप, बारीक पॉलिश पेपर, पेट्रोलियम जेली, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे. कुठलाही जोड सोडायच्या आधी बॅटरीकडून गाडीच्या बॉडीला जाणारी, म्हणजे अर्थची, वायर काढायची. आणि इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडायची नाही. "बघू डायनॅमोवर चालते का" म्हणून लोक हे करतात. बॅटरी नसली की दाब एकदम चढतो आणि बल्ब उडतात. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर तोही जातो.

१. बॅटरी आणि तिची टोकं

फुकटात होणारी तपासणी आहे, म्हणून पहिली. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चावी न लावता मीटर धरा. चांगल्या भरलेल्या ६ व्होल्ट बॅटरीवर ६.३ ते ६.४ दिसतं, सीलबंद असेल तर किंचित जास्त. ६.० दिसलं तर ती जवळपास रिकामी आहे. आता चावी लावून हेडलाइट एक मिनिट पेटवा आणि पुन्हा बघा. ५.८ च्या खाली घसरली तर आधी चार्जरवर पूर्ण भरून हीच परीक्षा पुन्हा घ्या. तरीही घसरली तर बॅटरी गेली. पुढच्या सगळ्या मोजमापांसाठी तुम्हाला खात्रीची बॅटरी लागेल. मरतुकड्या बॅटरीवर काढलेला कुठलाही आकडा खरा नसतो.

बॅटरीची अँपिअर-अवर क्षमताही वाचा. या गाडीला १२ ते १४ एएचची बॅटरी लागते. दुकानात मागितली की ६ व्होल्ट ४ एएचची छोटी बॅटरी हातात ठेवतात, कारण ती मोपेडची म्हणून सहज मिळते. ती बसते, गाडीही सुरू होते, पण सिग्नलवरच्या चार मिनिटांत लाइटला पुरवायला तिच्या पोटात काही नसतं.

पहिला अपग्रेडही इथलाच आणि मी तो बिनदिक्कत सुचवतो: ६ व्होल्ट १२ एएचची सीलबंद बॅटरी, इमर्जन्सी लॅम्पमध्ये आणि मुलांच्या बॅटरीवरच्या गाड्यांमध्ये असते तशी. ॲसिड सांडून बॅटरीचा ट्रे आणि चेसिस खाल्ली जाण्याचा प्रश्न मिटतो. साइड कव्हर बंद केल्यावर काही दिसत नाही. जुन्या काळ्या डब्याचा सांगाडा असेल तर ती त्याच्या आतही बसवता येते. अट एकच. सीलबंद बॅटरीला जास्त चार्जिंग सोसत नाही, म्हणून आठवी तपासणी केल्याशिवाय ती कायमची बसवू नका.

२. फ्यूज

जुना टॉर्पेडो फ्यूज बाहेर काढा, नुसता डोळ्यांनी बघू नका. पट्टी अखंड असते, पण टोकाच्या टोपीवर आणि धरणाऱ्या पितळी क्लिपवर हिरवा थर असतो. संपूर्ण गाडीचा करंट त्या दोन ठिपक्यांतून जातो. क्लिप घासा, चिमटीने थोडी आवळा. कुणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली असेल तर आत्ताच काढून टाका. शॉर्ट झाला तर जळायला फ्यूज नसेल, मग हार्नेस (गाडीतल्या वायरींचा जुडगा) जळेल, आणि तो पेट्रोलच्या टाकीखालून जातो. जुना फ्यूजहोल्डर ढिला झाला असेल तर ब्लेड फ्यूजचा होल्डर लावायला माझी काहीच हरकत नाही. जुना जागेवर राहू द्या, नवा त्याच्या मागे बसतो.

३. अर्थ

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. या गाड्यांमध्ये परतीची वायर नसतेच म्हटलं तरी चालेल. हेडलाइटच्या बल्बमधून निघालेला करंट हेडलाइटच्या शेलमधून, तिथून फोर्कमधून, हेडच्या बेअरिंगच्या छऱ्यांमधून आणि त्यांच्यातल्या ग्रीसमधून चेसिसवर येतो, मग अर्थच्या बोल्टमधून बॅटरीत. कारखान्यातून आली तेव्हा हे सगळं उघड्या लोखंडाला लोखंड लागून होतं. पन्नास वर्षांनी त्यात गंज आला. आणि रिस्टोर केलेल्या गाडीत त्याहून वाईट: पावडर कोटिंग. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकचा जाड थर. चेसिस सोलून सुंदर कोट करून आणतात, सगळे बोल्ट नवे, आणि अर्थचा बोल्ट त्या थरावर आवळतात. दिसायला घट्ट, पण वीज जायला वाटच नाही.

एक मरून रंगाची जावा माझ्याकडे अशीच आली होती. मालकाच्या वडिलांनी ती नवी घेतलेली. रिस्टोर करणाऱ्याने जीव ओतून काम केलं होतं, क्रोममध्ये तोंड दिसेल असं. पण वर्षभरात दोन बॅटऱ्या, दोन रेग्युलेटर आणि एक आर्मेचर (डायनॅमोचा फिरणारा भाग) बदलून झालं होतं आणि मुलगा १२ व्होल्टचं किट मागवायच्या तयारीत होता. मी बॅटरीच्या अर्थ टोकापासून हेडलाइटच्या शेलपर्यंत एक जाड वायर नुसती धरली. लाइट पिवळ्याचा पांढरा झाला. तो म्हणाला, "अहो, बाबा असताना असाच पडायचा!" दुरुस्ती म्हणजे चेसिसवर नाण्याएवढी जागा खरवडणं, दातेरी वॉशर आणि शेलमधून मागे आणलेली एक वेगळी वायर. बदललेलं जुनं आर्मेचर त्याने भंगारात दिलं होतं. तपासलं असतं तर बहुधा चांगलंच निघालं असतं, आणि मला त्याचंच वाईट वाटलं.

तुम्हीही हेच करा. लाइट लावून जाड वायरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ टोकाला आणि दुसरं आळीपाळीने हेडलाइटच्या शेलला, इंजिनच्या उघड्या ॲल्युमिनियमला, टेललाइटच्या होल्डरला लावा. कुठेही फरक पडला तर तिथला अर्थ कच्चा आहे. मीटरने करायचं तर लाइट चालू ठेवून बॅटरीचं अर्थ टोक आणि शेल यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. ०.१ च्या आसपास असेल तर छान, ०.३ दिसलं तर दुरुस्ती हवी.

एवढ्याशा आकड्याला इतकं महत्त्व का, ते समजून घ्या. ३५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर ओढतो, तोच वॅटेज १२ व्होल्टवर ३. वाटेत एक दशांश ओहमचा गंज असेल तर ६ व्होल्टच्या गाडीत ०.६ व्होल्ट खाल्ले जातात, म्हणजे दहावा हिस्सा. १२ व्होल्टच्या गाडीत तोच गंज अडीच टक्केच खातो. आणि बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने पडतो. दहा टक्के व्होल्ट गेले की उजेड साधारण तीस टक्के जातो. "६ व्होल्टचा लाइट मुळातच फालतू" ही समजूत इथून आली आहे. तो फालतू नाही, त्याला चोख वाट लागते.

माझा नियम: हेडलाइट, इंजिन, रेग्युलेटर आणि टेललाइट या चारही ठिकाणांहून २.५ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र अर्थ वायर एका बोल्टवर आणायची. रंग घासून धातू उघडा करायचा, आवळायचं, वरून पेट्रोलियम जेली. खर्च दोनशे रुपयांच्या आत. बाहेरून दिसत नाही, उद्या काढताही येतं.

४. जोड आणि चावीचा स्विच

आता जाणारी वाट. हेडलाइटच्या आतला चावीचा स्विच म्हणजे बेकलाइटवर बसवलेले पितळी ठिपके. ते काळे पडतात, आणि झिजलेली चावी त्यांना पूर्ण दाबत नाही. परीक्षा सोपी आहे. बॅटरीच्या दुसऱ्या, म्हणजे अर्थ नसलेल्या टोकावरून जाड वायर सरळ इग्निशन कॉइलच्या त्याच टोकाला द्या जिथे स्विचकडून येणारी वायर लागते, आणि गाडी चालवून बघा. धाप लागणारी गाडी एकदम मोकळी धावली तर दोष स्विचमध्ये किंवा स्विचपर्यंतच्या वायरीत. लक्षात ठेवा, ही वायर लावलेली असताना चावी काढली तरी इंजिन बंद होणार नाही. बंद करायला वायर काढा आणि लगेच काढा. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे ठिपके) मिटलेले राहिले तर कॉइल तापून जळते.

स्विच खोलून स्प्रे मारा, पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा. जुना ओरिजिनल स्विच शक्यतो टाकू नका. बाजारात मिळणाऱ्या नव्या नकलांमधलं पितळ पातळ असतं आणि वर्षभरात स्प्रिंग बसते. मी जुनाच साफ करून परत लावतो. बुलेट कनेक्टर मात्र निःशंक नवे घाला. पीळ देऊन टेप गुंडाळलेला प्रत्येक जोड कापून नीट क्रिम्प करा. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर ही तपासणी दर पावसाळ्यानंतर करायलाच हवी, खाऱ्या हवेत तांबं आतून काळं पडत जातं.

हार्नेसच सडला असेल तर नवा बनवून घ्या, पण जुन्याच्या लांबीने आणि रंगांनी, हेडलाइटला १.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीने. जुना हार्नेस नमुना म्हणून ठेवा. हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लावायचा सल्ला कुणी देईल. लक्षात ठेवा, बाजारातला १२ व्होल्टचा रिले ६ वर ओढतच नाही, ६ व्होल्टचा शोधावा लागतो.

५. हिशेब: किती येतं, किती जातं

मीटर बाजूला ठेवा, बल्बांवरचे आकडे वाचा. डायनॅमो ४५ वॅटचा आहे, तोही इंजिन चांगलं फिरत असताना. ३५ वॅटचा हेडलाइट, ५ चा टेललाइट, स्पीडोमीटरचा दिवा दोनेक, इग्निशन कॉइल पंधराच्या आसपास. बेरीज ५७. म्हणजे कुठलाही दोष नसताना ही गाडी रात्री बॅटरी खात चालते. हेडलाइट २५ वॅटचा केला तर बेरीज ४७ वर येते आणि मोकळ्या रस्त्यावर जवळपास जमतं. शहरातल्या सिग्नलांवर तरीही नाही, कारण आयडलला डायनॅमो काहीच देत नाही.

मोठा हॅलोजन बसवणारे इथे फसतात. ६०/५५ वॅटचा बल्ब या डायनॅमोवर लावला तर थोडा वेळ उजेड आणि मग काळोख, तोही खंबाटकीच्या किंवा ताम्हिणीच्या वळणावर.

दुसरा अपग्रेड म्हणून टेललाइट आणि स्पीडोमीटरच्या दिव्याला ६ व्होल्टचे एलईडी बल्ब सुचवतो. पाच-सहा वॅट वाचतात, म्हणजे एकूण कमाईच्या आठव्या हिश्शाच्या आसपास. टेललाइटला लालच एलईडी घ्या, पांढरा घेतला तर लाल काचेमागे गुलाबी दिसतो. एलईडीला धन-ऋण असतं, म्हणून घेताना तुमच्या गाडीत बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते बघा. चार्जिंगच्या लाल दिव्याला मात्र साधाच बल्ब ठेवा. त्याचं मंद-तेज होणं हीच तुमची माहिती असते.

६. पॉइंट आणि कंडेन्सर

"बॅटरी उतरली" म्हणून आणलेल्या काही गाड्यांमध्ये बॅटरी भरलेली असते आणि गरम झाल्यावर स्पार्कच मरतो. उजव्या बाजूचं कव्हर काढून पॉइंट बघा. काजळलेले, खड्डे पडलेले असतील तर घासून गॅप ०.४ मिलिमीटर ठेवा. किक मारताना पॉइंटवर मोठी निळी ठिणगी दिसली तर कंडेन्सर (ती ठिणगी दाबणारा भाग) गेला. तो डायनॅमोच्या पोटात, सगळ्यात तापणाऱ्या जागी बसतो, म्हणून थंड असताना बरा आणि गरम झाल्यावर निकामी, असा लपंडाव करतो. कारच्या पॉइंट इग्निशनचा चांगला कंडेन्सर कॉइलजवळ, गार जागी लावला की हा त्रास संपतो. जुन्याचा जोड सोडून तो जागेवर राहू द्या. इतक्या कमी खर्चात इतका भरवसा देणारा बदल या गाडीत दुसरा नाही.

७. कार्बन आणि कम्युटेटर

चावी लावून, इंजिन बंद असताना लाल दिवा पेटतच नसेल, तर आधी त्याचा बल्ब बदला. तरी नाही पेटला तर सरळ इथे या. त्या दिव्याचा करंट कार्बनमधून (कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, टेकणारे ठोकळे) आणि आर्मेचरमधून अर्थला जातो. म्हणजे दिवा न पेटणं हे कार्बन टेकत नसल्याचं लक्षण.

कार्बन होल्डरमध्ये अडकतो, झिजून आखूड होतो, स्प्रिंग मऊ पडते. बाहेर काढून साफ करा, बोटाने दाबल्यावर सहज मागे-पुढे व्हायला हवा. नवा कार्बन घेताना जुना नमुना घेऊन जा (पुण्यात नाना पेठेत, नाहीतर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे). थोडा मोठा मिळाला तर घासून मापात आणता येतो. कम्युटेटरची तांब्याची पट्टी चॉकलेटी आणि गुळगुळीत असावी. काळी असेल तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी धरून किक हळू फिरवत साफ करा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण पट्ट्यांच्या फटीत बसतात आणि कार्बन खातात. फटींतली कार्बनची भुकटी लाकडी काडीने काढा.

आत तेल दिसलं तर साफसफाई करून थांबू नका. क्रँकचं उजवं सील गळतंय. तिथून पेट्रोल-ऑइलचं मिश्रण कम्युटेटरवर येतं आणि त्याच वाटेने इंजिन बाहेरची हवाही ओढतं, म्हणजे मिश्रण पातळ होऊन पिस्टन जाम व्हायचा धोका. हे काम मिस्त्रीचं.

८. रेग्युलेटर

इथे फक्त मोजायचं, हात लावायचा नाही. भरलेली बॅटरी, सगळे दिवे बंद, गाडी ४० च्या वेगाला जितकी फिरते तितका हात द्या आणि बॅटरीवर मीटर धरा. ७.० ते ७.३ आलं तर रेग्युलेटर ठीक. ६.३ वरच थांबलं तर चार्जिंग नाही. ७.५ च्या वर गेलं तर बॅटरी उकळते आहे आणि पाणी आटण्याचं, बल्ब उडण्याचं कारण सापडलं. पण निकाल द्यायच्या आधी रेग्युलेटरच्या स्वतःच्या अर्थवर पुन्हा एकदा वायर धरून बघा. अर्थ कच्चा असेल तर चांगला रेग्युलेटरही चुकीचा दाब देतो.

कव्हर उघडून पत्री वाकवणं, स्क्रू पिळणं हे प्रकार टाळा. कटआउटचे पॉइंट चिकटले तर इंजिन बंद असतानाही बॅटरी डायनॅमोत ओतत राहते आणि वायर धुरकटते.

तिसरा अपग्रेड म्हणजे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, आणि माझ्या मते या गाडीतला हा सगळ्यात शहाणा बदल आहे. थरथरणारे पॉइंट नाहीत, दाब स्थिर, सीलबंद बॅटरीला मानवणारा. जुन्या रेग्युलेटरच्या पत्र्याच्या डब्यात तो बसवून घेता येतो, मग गाडीजवळ उभं राहिलं तरी कळत नाही. लावण्याआधी तुमच्या गाडीत बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते तपासा. उलटं लागलं तर तो त्या क्षणी संपतो.

इथे थांबा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा

वार्निश जळल्याचा वास आला, आर्मेचरची तार काळी दिसली, कम्युटेटरचं शिसं उडून कव्हरच्या आत ठिपके पडले असतील. एखादी वायर हाताला गरम लागत असेल. फ्यूज बदलल्या बदल्या उडत असेल. बॅटरी फुगली असेल. सगळं वरचं करूनही मीटरवरचा आकडा ६.३ वरून हलत नसेल. यातलं काहीही झालं की पाना खाली ठेवा.

आर्मेचर तपासायला ग्रोलर नावाचं यंत्र लागतं, ते घरी नसतं. आर्मेचर क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं आणि त्याचा खास पुलर बोल्टच वापरावा लागतो. हातोडी मारली तर आर्मेचरबरोबर क्रँकही वाकडा होतो, आणि २००० रुपयांचं काम इंजिन खोलण्यापर्यंत जातं. रिवाइंडिंग झाल्यावर किंवा गाडी कित्येक वर्षं पडून राहिल्यावर डायनॅमोतलं उरलंसुरलं चुंबकत्व जातं. ते बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन पुन्हा जागवायचं असतं. चुकीच्या टोकाला स्पर्श दिला तर डायनॅमो उलट्या दिशेने चार्ज करू लागतो. जाताना वर मोजलेले सगळे आकडे लिहून घेऊन जा. चांगला कारागीर ते वाचून अर्धं काम तिथेच ओळखतो, आणि ज्याला ते वाचायचेच नाहीत त्याच्याकडे डायनॅमो सोडू नका.

आणि १२ व्होल्ट?

रोज रात्री कामावरून परतणारा, महामार्गाने जाणारा माणूस असेल, किंवा आर्मेचर दोनदा रिवाइंड करूनही जळलं असेल, तर मी १२ व्होल्टचं किट लावून देतो. चेक कंपनी वेपचं किट या गाड्यांसाठी मिळतं. डायनॅमोच्या जागी चुंबकाचा रोटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. लाइट खरोखर उजळतो आणि मरगळलेल्या बॅटरीवरही स्पार्क मिळतो. पण अर्धवट करू नका. बॅटरी, हॉर्न, सगळे बल्ब, कॉइल आणि येझ्दीला इंडिकेटर असतील तर फ्लॅशर, हे सगळं १२ चं व्हायला हवं. चेसिसला एकही नवं भोक पाडायचं नाही, एकही जुनी वायर कापायची नाही.

रविवारी सकाळी नदीकाठी फेरी आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दी दिनाला एवढीच गाडी बाहेर निघत असेल, तर डायनॅमो राहू द्या. चांगला अर्थ, २५ वॅट, सीलबंद बॅटरी, डब्यातला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर एवढ्यावर ती बरीच वर्षं तक्रार करत नाही. त्या डायनॅमोचा आवाज, आयडलला लुकलुकणारा लाल दिवा, हात वाढवला की त्याचं विझणं, हा त्या गाडीच्या स्वभावाचा भाग आहे. ज्यांनी ती तरुणपणी चालवली त्यांना तो दिवा नसलेला लगेच कळतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांपुढच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना ती मिळते. नियमात मोठ्या बदलाची उदाहरणं म्हणून चेसिस, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. अशी गाडी मग रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर येते. त्या वाटेने जायचं असेल तर पन्नास वर्षं भरत आलेल्या किंवा ओलांडलेल्या गाडीवर काहीही कापाकापी करायच्या आधी हे डोक्यात ठेवा.

किट लावलंच, तर काढलेला डायनॅमो फेकू नका आणि विकूही नका. आर्मेचर, फील्ड कॉइलचं घर, कार्बन होल्डर, रेग्युलेटर, पुलर बोल्ट, सगळं एका डब्यात. कम्युटेटरला ग्रीस लावायचं नाही, कोरड्या सुती कापडात गुंडाळायचा. लोखंडी भागांना तेलाचा हात. सिलिका जेलची पुडी आत टाका, डबा टेपने बंद करा आणि वर मार्करने गाडीचा चेसिस नंबर लिहा.